आधी सीपीएल काढा, पैसे नंतर

लाइट कट झाली की आपल्याकडं पहिली पळापळ होते ती पैशाची. कुणाकडून उसने मिळतील, गटातून किती निघतील, कानातलं ठेवू का. आणि मदत करणारी माणसं पण तेच करतात, बिचाऱ्यांची लाइट तोडली हो, किती बिल आहे सांगा, भरून टाकू. भावना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझं म्हणणं इतकंच की जरा थांबा, ते बिल खरं आहे का ते तरी आधी सीपीएल, म्हणजे तुमच्या लाइट बिलाच्या खात्याचा महिनावार उतारा, काढून बघा. चुकीचं बिल दानशूर माणसानं भरलं तरी ते चुकीचंच असतं, आणि पुढच्या महिन्यात परत तसंच येतं.

माझं सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, बिडी कामगारांच्या पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, पॅन कार्ड, आणि मग लाइट बिलं. आमच्या पूर्व भागात निम्मी घरं बिडीवर आणि यंत्रमागावर, त्यामुळं मार्च आला की माझ्या काउंटरवर बिलांचा ढीग पडतो कारण वीज कंपनीची वसुली मोहीम मार्चमध्ये असते, वर्षाचा हिशोब बंद करायचा असतो ना त्यांना. २०२४ च्या मार्चमध्ये अशीच एका मावशींची लाइट तोडली. नाव सांगत नाही, मावशीच म्हणते मी त्यांना. घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी सोलापुरी मराठीत. माझ्याकडं आल्या मे महिन्यात, म्हणजे तोवर दोन महिने घरच्या लाइटविनाच होत्या माय-लेकी.

बिल होतं तेरा हजार चारशेचं. मावशी दिवसाला हजार बिड्या वळतात, त्याची मजुरी काय असते ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटणार नाही. मी म्हटलं, मावशी एवढं बिल कसं काय, एसी लावलाय का? तर म्हणाल्या, "कुठला एसी ओ ताई, पंखा तर बंदच असतंय की दिवसभर." ते खरंच आहे. सुपात तंबाखू असताना पंखा लावता येत नाही, उडते सगळी. त्यामुळं ४३ डिग्रीत पण या बायका पंखा बंद करून, दारात उजेडाला बसून वळतात. रात्री पानं ओली करून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, मग दिवसभर वळायचं आणि राहिलेलं संध्याकाळी बल्बखाली पूर्ण करायचं. म्हणजे त्यांना खरी गरज बल्बची. लाइट गेल्यापासून संध्याकाळचं काम बंद, हजाराच्या सातशे-आठशेवर आल्या होत्या. बिल थकलं म्हणून लाइट तोडली आणि लाइट नाही म्हणून कमाई घटली, आता भरा म्हणे.

पर्याय त्यांच्यापुढं तीन येऊन गेले होते. एक, शेजारच्यांनी वायर टाकून थोड्या वेळापुरता एक बल्ब दिलेला, महिन्याला तीनशे रुपये घेत होते, वर उपकार. मी त्यांना आधी ते काढायला लावलं, कारण थकबाकीत तोडलेल्या घराला शेजारून वीज दिलेली सापडली तर देणारा पण अडकतो आणि घेणारा पण, वीज कायद्यात १२६ आणि १३५ कलमं आहेत आणि मोहिमेत बरोबर अशीच घरं तपासत फिरतात. दोन, एक एजंट, "दोन हजार द्या, रात्रीत जोडून देतो." हा प्रत्येक एरियात एक असतोच. जोडून देतो पण कंपनीच्या कॉम्प्युटरवर लाइट तोडलेलीच राहते, म्हणजे तुम्ही चोर ठरता, तो नाही. आणि तीन, मावशींच्या ओळखीचे एक शेठ, टॉवेलचा धंदा आहे, मनानं एकदम चांगला माणूस, ते म्हणाले मी सगळे भरतो, दर महिन्याला थोडे थोडे फेडा. मावशी तर तयारच होत्या. मीच फोन केला त्यांना, म्हटलं शेठ, थोडे दिवस थांबा, मला एकदा बिल बघू द्या. त्यांना वाटलं असणार ही कोण मधेच.

आता बिल कसं बघायचं ते सांगते कारण हे कुणी शिकवत नाही. सगळे खालचा आकडा बघतात, भरायची रक्कम आणि तारीख. तुम्ही वरती बघा. तिथं मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असे दोन कॉलम असतात, आणि मीटरची स्थिती. मावशींच्या बिलावर मागील रीडिंग ४३१२ आणि चालू रीडिंग पण ४३१२. दोन्ही एकच! आणि तरी युनिट लावलेले ११८. स्थितीच्या ठिकाणी लॉक. याचा अर्थ रीडिंगवाला आला तेव्हा घराला कुलूप होतं, त्यानं तसं टाकलं आणि सिस्टिमनं सरासरी लावून बिल काढलं. एखाद्या महिन्यात असं झालं तर ठीक आहे, कधी ना कधी खरं रीडिंग घेतात आणि वजाबाकी होऊन जाते. पण यांचं किती महिने असं चाललंय ते एका बिलावरून कळत नाही, आणि जुनी बिलं मावशींनी चुलीत घातलेली.

तिथं लागतं ते सीपीएल. कन्झ्युमर पर्सनल लेजर. बँकेचं पासबुक असतं तसं प्रत्येक ग्राहकाचं हे असतं, कुठल्या महिन्यात रीडिंग काय, युनिट किती, स्थिती काय, बिल किती, भरले किती, व्याज किती, सगळी कुंडली. सबडिव्हिजन ऑफिसला बिलिंग सेक्शनमध्ये मिळतं. बारा अंकी ग्राहक क्रमांक घेऊन गेलो मी आणि मावशी. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "सीपीएल कशाला पाहिजे तुम्हाला? बिल भरा, लाइट चालू होईल." मी म्हटलं मॅडम भरणारच आहे, पण किती भरायचं ते बघून. तोंडी नाही म्हणाल्या, मग मी तिथंच बाकावर बसून साध्या कागदावर अर्ज लिहिला, मावशींचा अंगठा नाही बरं का, सही, सातवी शिकलेल्या आहेत त्या, आणि आवक-जावकला देऊन दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून घेतला. हा शिक्का म्हणजे सगळं. तोंडी दहा वेळा गेलात तरी त्याला काही अर्थ नाही, कागदावर गोल शिक्का आणि तारीख पडली की मग समोरच्यालाही कुठंतरी उत्तर द्यावं लागतं. थोडी वाट बघायला लागली पण मिळालं सीपीएल, डॉट मॅट्रिक्सच्या त्या लांब कागदावर, अक्षरं अर्धी पुसट.

घरी जेवण झाल्यावर पट्टी घेऊन बसले. वरून खाली बोट फिरवत गेलं की दिसतंच. २०२२ च्या अखेरपर्यंत रीडिंग नीट पुढं सरकतंय, महिन्याला कधी १०५, कधी १३०, आणि स्थिती नॉर्मल. त्यानंतर रीडिंगचा कॉलम ४३१२ वर जो थांबला तो थांबलाच. चौदा महिने. खाली सगळीकडं लॉक, लॉक, लॉक आणि युनिट ११८, ११८, ११८. मी मावशींना विचारलं २०२२ च्या शेवटी काय झालं होतं, तर म्हणाल्या मुलगा बायको-पोरांना घेऊन पुण्याला गेला, भोसरीला कंपनीत लागला, जाताना कूलर आणि फ्रिज पण नेला. घ्या! म्हणजे सरासरी काढली ती सहा माणसं, एक कूलर आणि एक फ्रिज असतानाच्या वापरावरून, आणि लावली दोन बल्ब, एक पंखा, एक टीव्ही आणि दोन बायकांना. आणि कुलूप का, तर सकाळी मावशी माल द्यायला कारखान्यात, पोरगी शाळेत, आणि मीटर घराच्या आतल्या भिंतीवर. रीडिंगवाला नेमका तेव्हाच येणार. त्याचा तरी काय दोष म्हणा, त्याला पण मीटरमागं पैसे मिळतात, एका दारात किती वेळा येईल तो.

व्याजाचं पण एक लक्षात ठेवा. तारीख चुकली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो आणि त्यानंतर थकबाकीवर व्याज वेगळं. म्हणजे न वापरलेल्या विजेवर व्याज चढत होतं. मधे मावशींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून दोन हजार भरले होते, वाटलं थोडे भरले की तोडणार नाहीत. पण ऑफिसमधून हप्ते पाडून घेतल्याशिवाय नुसतेच थोडे भरले तर ते खात्यात जमा होतात, बाकी राहिलेलं थकीतच दिसतं आणि यादीत नाव तसंच राहतं. तोडणारा माणूस यादी घेऊन येतो, तुम्ही किती भरले ते तो बघत नाही.

मग मीटर बघायला गेले त्यांच्या घरी. तोडताना पोलवरून सर्व्हिस वायर काढली होती, मीटर भिंतीवरच होतं. आणि नशीब असं की मीटर आकड्यांच्या चकत्या फिरणारं होतं, स्क्रीनवालं असतं तर लाइट नसताना कोरं दिसलं असतं. देवांच्या फोटोच्या वर, जळमटं लागलेलं, काचेवर तंबाखूची पिवळी धूळ बसलेली. पोरीनं स्टुलावर चढून पदरानं पुसलं आणि मोबाइलची बॅटरी मारली, मी खालून वाचायला सांगितलं. चार, नऊ, तीन, एक. शेवटची लाल चकती सोडून द्यायची, ती दशांशाची. ४९३१. मी तिथंच हिशोब केला, ४९३१ वजा ४३१२ म्हणजे ६१९. चौदा महिन्यांत ६१९ युनिट, म्हणजे महिन्याला ४४ च्या आसपास. आणि बिल लावलेलं १६५२ युनिटचं! हजाराच्या वर युनिट वापरलेलेच नाहीत. मी मावशींना सांगितलं तर त्या काही बोलल्या नाहीत, पोरगीच म्हणाली, "मी सांगत होते ना ग अम्मा." फोटो काढला मीटरचा, नंबर आणि रीडिंग दोन्ही दिसेल असा, बाजूला त्या दिवशीचा पेपर धरून. पेपर धरायची गरज नसते खरं तर पण मी धरते.

इथं कुणी म्हणेल की यात सरासरी आणि स्लॅबचा, म्हणजे युनिटच्या टप्प्याप्रमाणे बदलणाऱ्या दराचा, काय फरक पडतो. पडतो ना. घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला दुपटीच्या आसपास. यांना दर महिन्याला ११८ लावल्यामुळं वरचे १८ युनिट महाग दरानं जात होते, त्यावर स्थिर आकार, वहन आकार, आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आणि बिल दुरुस्त करताना पण हे सांगावं लागतं, की ६१९ युनिट एकदम एका महिन्यात धरू नका, चौदा महिन्यांत वाटा, स्लॅबचा फायदा द्या. नाहीतर सिस्टिम सगळे एका महिन्यात टाकून वरच्या स्लॅबचा दर लावते आणि दुरुस्त बिल पण अंगावर येतं.

अर्ज लिहिला. फार कायदा-बियदा नाही, मुद्द्याचं. ग्राहक क्रमांक, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत लॉक दाखवून सरासरी बिल लावलंय, प्रत्यक्ष रीडिंग ४९३१ आहे, फोटो जोडलाय, स्पॉट व्हेरिफिकेशन म्हणजे जागेवर येऊन मीटरची तपासणी करा, बिल महिनावार स्लॅबप्रमाणे दुरुस्त करा, चुकीच्या रकमेवरचं व्याज आणि विलंब आकार काढा, आणि दुरुस्त रक्कम भरायला आम्ही तयार आहोत. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, ते वाचल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, कारण त्यांना पण वसुली दाखवायचीच असते.

बिलिंगच्या साहेबांनी वाचला, सीपीएल बघितलं, आणि म्हणाले हे बी-८० करावं लागेल. बी-८० म्हणजे बिल दुरुस्तीचा प्रस्ताव, तो खालून वर जातो, मंजूर होतो, मग सिस्टिममध्ये क्रेडिट पडतं. साहेब तसे सज्जन होते, पण म्हणाले स्पॉटला माणूस पाठवायला आत्ता माणसं नाहीत. मे महिना, वादळ-पाऊस, झाडं पडतायत, तारा तुटतायत, सगळे वायरमन फॉल्टवर. ते पण खोटं नव्हतं. मी म्हटलं ठीक आहे, पण टीडी आहे हो साहेब, सहा महिने उलटले तर पीडी होईल. ते म्हणाले, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी हसले नुसती.

तर हे दोन शब्द सगळ्यांनी पाठ करा. टीडी म्हणजे तात्पुरती तोडलेली, पीडी म्हणजे कायमची तोडलेली. टीडी असताना थकबाकी आणि जोडणीचा चार्ज भरला की तीच लाइट, तेच मीटर चालू. पीडी झालं की ग्राहक म्हणून तुम्ही संपलात, मीटर काढून नेतात, मग थकबाकी भरून नव्यानं अर्ज, नवीन डिपॉझिट, टेस्ट रिपोर्ट, सगळं पहिल्यापासून. गरीब घरात लोक करतात काय, लाइट तोडली की लाजेनं गप्प बसतात, वर्षभर मेणबत्तीवर काढतात, आणि पैसे जमवून जातात तेव्हा कळतं की तुमचं तर पीडी झालं. म्हणून माझ्याकडं बिल घेऊन आलं की मी पहिलं विचारते, कधी तोडली?

नोटिशीचा पण प्रश्न मी काढला होता. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मावशी म्हणतात नोटीस आलीच नाही. ऑफिसनं कॉम्प्युटरवर दाखवलं, मेसेज गेलाय, डिलिव्हर पण झालाय. नंबर बघितला तर मुलाचा, भोसरीचा. त्याला फोन केला तर म्हणाला, "हो आला होता कसला तरी मेसेज, मला वाटलं फ्रॉड आहे." आता काय बोलणार. लिंकवर क्लिक करू नका म्हणून आपणच तर पोरांना रोज सांगतो. भांडण करता आलं असतं यावर, पण मावशींना भांडण नको होतं, लाइट पाहिजे होती, म्हणून तो मुद्दा मी सोडून दिला आणि पहिलं काम काय तर नंबर बदलून पोरीचा टाकून घेतला.

ज्यांची अजून तोडलेली नाही पण बिल चुकीचं आहे आणि नोटीस आलीय, त्यांच्यासाठी त्याच कलम ५६ मध्ये एक चांगली सोय आहे जी कुणीच वापरत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर निषेध नोंदवून, म्हणजे अंडर प्रोटेस्ट, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं निघणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरायची, आणि वाद मिटेपर्यंत लाइट तोडता येत नाही. मी हे दोन घरांना करून दिलं. एका ठिकाणी साहेबांनी कायद्याचं पुस्तक मागवून स्वतः वाचलं आणि मग मान्य केलं, मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला.

मावशींकडं वायरमन एकदाचा आला, रीडिंग ४९३१ लिहून घेतलं, सही घेतली. त्यानंतर बी-८० फिरत राहिलं टेबलावरून टेबलावर. मी काय केलं, भांडले नाही, दर थोड्या दिवसांनी दुपारी जेवणानंतर जायचं, नुसतं विचारायचं कुठल्या टेबलावर आहे. मावशी बरोबर असल्या की जास्त चांगलं, त्या गप्प बाकावर बसून राहायच्या आणि त्यांच्याकडं बघून शिपायालाच वाईट वाटायचं, तोच फाइल शोधून द्यायचा. जूनमध्ये दुरुस्ती झाली. तेरा हजार चारशेचे झाले तीन हजार नऊशे आणि वर काही. त्यात जोडणीचा चार्ज जीएसटीसकट चारशेच्या आत. शेठना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी साडेनऊ हजार हवेत घालवणार होतो?" शेवटी त्यांचे पैसे लागलेच नाहीत, बचत गटातून दोन हजार आणि बाकी मावशींनी आणि मुलानं मिळून. शेठनी तेवढी नवीन सर्व्हिस वायर आणून दिली कारण जुनी अर्धी कुणीतरी तोडून नेली होती, ॲल्युमिनियमला भाव आहे ना.

पैसे भरल्याची पावती वायरमनला व्हॉट्सॲपवर पाठवली, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. पोलवर शिडी लावून चढला, पकडीनं वायरचं टोक सोलून चकचकीत केलं, पीळ दिला, खाली ओरडला मेन बंद ठेवा म्हणून. मग आतली सगळी बटणं बघायला लागली कारण पोरीनं कंटाळून कधीतरी सगळी चालूच ठेवलेली. मेन टाकल्यावर टीव्ही पण मोठ्यांदा लागला आणि मिक्सर पण फिरायला लागला. मावशी पळत जाऊन पंखा बंद करायला लागल्या, सुपात तंबाखू होती.

लाइट आल्यावर काम संपत नाही हे मी आता सगळ्यांना सांगते. कनेक्शन मावशींच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावावर होतं, थकबाकी शून्य झाली की लगेच मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लावून नाव बदलून घेतलं. मीटर बाहेरच्या भिंतीवर घ्यायला अर्ज केला, म्हणजे परत लॉक नको. तोपर्यंत पोरगी महिन्याला ठरलेल्या तारखेला रीडिंगचा फोटो कंपनीच्या ॲपवर टाकते, दोन मिनिटांचं काम. बीपीएलच्या दरात बसतंय का ते पण बघितलं, पण तिथं वर्षाला ३६० युनिटची अट आहे, म्हणजे महिन्याला ३०. जुना ७५ वॅटचा एक पंखा रोज बारा तास चालला तर तोच २७ युनिट खातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्रीचा पंखा लावणारं कुठलंही घर त्यात बसत नाही, ही अट ज्यांनी घातली त्यांनी एक मे महिना इथं काढावा असं मला वाटतं.

हे झालं आणि मग काय, मावशींनी कारखान्यात सांगितलं, आणि माझ्या दुकानात बायकांची लाइन. सगळ्यांची बिलं चुकीची नसतात हे पण सांगायला पाहिजे. एका दादांनी सीपीएल काढायला लावलं तर त्यात प्रत्येक महिन्याचं रीडिंग चोख, नॉर्मल, घरातच खाली पॉवर टेबलावर शिलाईची मशिनं चालवत होते. त्यांना मी म्हटलं दादा, हे भरायलाच लागेल, हप्ते मागा. हप्ते मिळतात, पण लेखी अर्ज करून साहेबांची सही घेऊन. तोंडी "भरा थोडे थोडे" म्हणाले त्याला काही अर्थ नाही.

पीडी झालेल्या घरांचं मात्र अवघड होतं. त्यात २०२४ च्या सप्टेंबरपासून अभय योजना आली ती उपयोगाला पडली. ती होती ३१ मार्च २०२४ पर्यंत कायमच्या तोडलेल्या कनेक्शनांसाठी, शेतीपंप सोडून. मूळ थकबाकी भरली की व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ, एकरकमी भरली तर लघुदाब, म्हणजे घरासारख्या छोट्या जोडणीच्या, ग्राहकाला मूळ रकमेवर अजून १० टक्के सूट, नाहीतर ३० टक्के आधी भरून बाकीचे सहा हप्ते बिनव्याजी. मुदत पण वाढत वाढत ३१ मार्च २०२५ पर्यंत गेली. मावशींच्या गल्लीतलीच एक म्हातारी, तिचं मूळ होतं बावीसशे आणि व्याज त्याच्याहून जास्त झालेलं. एकरकमी भरून सुटली. पण इथं पण मी आधी सीपीएलच काढलं, कारण माफी व्याजाला होती, मूळ रक्कमच सरासरीनं फुगलेली असेल तर ती कोण माफ करणार.

आत्ता माझ्याकडं एक अडकलेलं प्रकरण आहे, ते एका भाडेकरू बाईचं. धुणीभांडी करते, दोन लहान पोरं. खोली घेतली तेव्हा लाइटच नव्हती, आधीच्या माणसाची वर्षानुवर्षांची थकबाकी, पीडी. मालक म्हणतो तू बघ. तिनं नवीन कनेक्शन मागितलं तर ऑफिस म्हणतं आधी घरमालकाची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणा आणि जुनी सगळी थकबाकी भरा. एनओसीचं मी कागद दाखवून मिटवलं, सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्येच सांगितलंय की मालकानं एनओसी दिली नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, ती तिथं राहते एवढंच बघायचं. थकबाकीचं मात्र खरं आहे, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय की जुन्याची थकबाकी नवीन माणसाकडून मागता येते. पण आपल्या राज्याच्या वीज आयोगाच्या नियमात त्याला मर्यादा आहे, वारस सोडून दुसरा कुणी नव्यानं आला असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या बिलापुरतीच. ऑफिस म्हणतं तसं काही सर्क्युलर आमच्याकडं नाही. मी म्हटलं सर्क्युलर नसू दे, नियम आहे. तिथंच अडलंय.

म्हणून आता वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडं अर्ज केलाय. वकील लागत नाही, साध्या मराठीत लिहिलेला चालतो, मी स्वतःच लिहिला. भाडेकरार, तिचं आधार, अर्जाच्या शिक्क्याच्या कॉप्या, आणि सीपीएल जोडलंय, त्यात शेवटच्या सहा महिन्यांचा भाग पेननं चौकट करून. तिथं नाही झालं तर विद्युत लोकपाल आहेत मुंबईला. बाई विचारत होती, तोपर्यंत शेजारून बल्ब घेऊ का? नाही म्हटलं. सध्या माझ्या दुकानातून चार्जिंगचा दिवा रोज संध्याकाळी भरून नेते आणि सकाळी कामाला जाताना परत आणून लावते. सुनावणीची तारीख यायची आहे.